वर्णद्वेष समजून घेताना काय वाचावं आणि ती पुस्तकं कुठून घ्यावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतले मराठी मित्र, मुलांकडे सहा महिने राहायला आलेले त्यांचे आईवडील आणि भारतातले वाचक मला या विषयावर जे प्रश्न विचारत आले, ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. अमेरिकेतला वर्णद्वेष पुस्तकांतून समजून घेणं आणि ती पुस्तकं कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या दुकानांतून घेणं, या दोन गोष्टी मी वेगळ्या मानत नाही. का, ते उत्तरांतून कळेल.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास मराठी माणसानं मुद्दाम का वाचायचा?

जे अमेरिकेत राहतात त्यांच्यासाठी याचं उत्तर अगदी सरळ आहे. आपण या देशात आहोत त्यामागे या लोकांचा लढा आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं अशा अनेक भारतीयांचंही ते काढून घेतलं गेलं. थिंड यांच्या बाजूनं झालेला युक्तिवाद आपण नीट वाचायला हवा. उच्च जातीचा हिंदू हा आर्य, म्हणून तो गोऱ्यांतच मोडतो, असा तो होता. शिडीची वरची पायरी मागायची, शिडीला हात लावायचा नाही. तो टिकला नाही.

१९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला जेमतेम १०० भारतीयांपुरतं. खरं दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं. हा कायदा १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या पाठोपाठ आला. ज्या आंदोलनानं वंशावरून भेद करणारे कायदे अमेरिकेला लाजिरवाणे वाटायला लावले, त्याच आंदोलनामुळे देशावरून माणसं निवडणारी जुनी कोटा पद्धतही गेली. आपले डॉक्टर आणि इंजिनिअर त्यानंतर आले. आंदोलनात मार खाल्ला तो दुसऱ्यांनी. हे ठाऊक नसताना 'आम्ही आमच्या हुशारीवर आलो' असं म्हणणं मला पटत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी तर ही ओळख दीडशे वर्षांची आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांना अमेरिकेतली गुलामी परकी वाटली नव्हती.

सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू?

तुमची सुरुवात बहुतेक आधीच झाली आहे. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' (१९८१) मराठी घरांत दोन पिढ्या वाचलं जातंय. मला मराठी माणूस भेटला की मी तिथूनच बोलायला लागते.

आता त्या ओळखीच्या माणसाच्या भोवती काय होतं ते बघा. कार्व्हर गुलामीत जन्मले. कॅन्ससमधल्या एका कॉलेजनं त्यांना प्रवेश दिला आणि ते दारात उभे राहिल्यावर रंग बघून परत पाठवलं. पुढे १८९६ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी टस्कीगी ही शिक्षणसंस्था चालवणारे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते तिथे गेले. भुईमुगाचे प्रयोग आपल्याला पाठ असतात. पण त्याच टस्कीगी संस्थेत आणखी एक काम चालायचं, झुंडीनं ठार मारलेल्या माणसांची नोंद ठेवण्याचं. १८८२ ते १९६८ या काळात झुंडींनी मारलेल्या ४,७४३ माणसांची नोंद तिथे आहे, त्यातले ३,४४६ कृष्णवर्णीय. एका इमारतीत माती सुधारायचे प्रयोग आणि दुसरीकडे ही वही. कार्व्हर काय वातावरणात काम करत होते, ते या एका गोष्टीवरून कळतं.

मग वॉशिंग्टन यांचं आत्मचरित्र (१९०१) घ्या. त्यांचं म्हणणं, आधी हातात कसब येऊ द्या, पैसा येऊ द्या, राजकीय हक्कांचं पुढे पाहू. लगेच पाठोपाठ कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचं १९०३ चं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' वाचा. त्यात एक अख्खं प्रकरण वॉशिंग्टन यांचा प्रतिवाद करतं: मतदानाचा हक्क आणि उच्च शिक्षण सोडून दिलेली प्रगती ही प्रगतीच नव्हे. आधी सामाजिक की आधी राजकीय, या वादावर पोसलेल्या मराठी वाचकाला हा वाद वाचताना एकदम घरच्यासारखं वाटेल.

त्यानंतर फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ चं आत्मकथन, जेम्स बाल्डविन यांचे निबंध, टोनी मॉरिसन यांच्या कादंबऱ्या. आणि दक्षिणेतून उत्तरेत व पश्चिमेत गेलेल्या सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांचा इतिहास सांगणारं इझाबेल विल्करसन यांचं २०१० चं जाडजूड पुस्तक. ते जाड आहे म्हणून घाबरू नका, कादंबरीसारखं वाचता येतं.

२०२० मध्ये सगळे जी 'वर्णद्वेषविरोधी कसं व्हावं' प्रकारची पुस्तकं घेत होते, ती नको का?

जरूर वाचा, पण आधी नको. इतिहास आणि आत्मकथनं वाचल्याशिवाय हातात घेतलं तर असं पुस्तक स्वतःच्या मनाची तपासणी करण्यातच संपतं. माणूस स्वतःबद्दल बराच विचार करतो आणि शेजारच्या वस्तीतल्या शाळेला पैसे का मिळत नाहीत, हे त्याला कळतच नाही. इब्रम केंडी यांचंच घ्यायचं असेल तर त्यांचा २०१६ चा इतिहासग्रंथ आधी घ्या, २०१९ चं गाजलेलं पुस्तक मागाहून.

हेच पुस्तक मोठ्या वेबसाइटवर स्वस्त आणि उद्या घरपोच मिळतं. मग मुद्दाम एखाद्या कृष्णवर्णीय दुकानदाराकडून का घ्यायचं?

६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कात लागणारे पुस्तकांचे स्टॉल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्या दुकानांनी वर्षानुवर्षं जी पुस्तकं ठेवलीच नाहीत, ती तिथे ताडपत्रीवर मांडलेली असतात, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी गावाकडून आलेली माणसं खाण्यापिण्यातून पैसे वाचवून ती घेऊन जातात. विकणारा फक्त विकत नाही. 'हे आधी वाच, मग ते' असं सांगतो. त्यातली कितीतरी पुस्तकं त्या स्टॉलमुळेच छापली जातात.

अमेरिकेतली कृष्णवर्णीयांची पुस्तकांची दुकानं हेच काम करत आली आहेत. मोठ्या प्रकाशकांना आणि मोठ्या दुकानांना जेव्हा 'याला गिऱ्हाईक नाही' असं वाटायचं, तेव्हा यांनी ते गिऱ्हाईक जमवलं. डेट्रॉइटची ब्रॉडसाइड प्रेस (१९६५), शिकागोची थर्ड वर्ल्ड प्रेस (१९६७), बॉल्टिमोरची ब्लॅक क्लासिक प्रेस (१९७८) ही कृष्णवर्णीयांची प्रकाशनं याच दुकानांच्या आधारानं उभी राहिली. आज मोठ्या वेबसाइटवर एका क्लिकवर मिळणारं पुस्तक मधली कित्येक वर्षं कुणीतरी मागच्या फळीवर जपून ठेवलेलं असतं.

पैशाचं गणितही सांगते. प्रकाशक दुकानाला छापील किमतीवर साधारण ४० टक्क्यांच्या आसपास सूट देतो. म्हणजे २० डॉलरच्या पुस्तकामागे दुकानाच्या हातात आठेक डॉलर. त्यात भाडं, पगार, वीज, पोस्ट, न खपलेल्या पुस्तकांची परतपाठवणी. मोठी वेबसाइट तेच पुस्तक जवळजवळ खरेदीच्या भावात विकू शकते, कारण तिचा नफा दुसऱ्या शंभर गोष्टींतून येतो. तुम्ही वाचवलेले चार-पाच डॉलर ही त्या दुकानाची अर्धी मिळकत असते.

ही दुकानं कधीपासून आहेत?

आपल्याला माहीत असलेलं पहिलं दुकान १८३४ मधलं. डेव्हिड रगल्स या पंचविशीही न गाठलेल्या कृष्णवर्णीय तरुणानं न्यूयॉर्कमध्ये लिस्पेनार्ड स्ट्रीटवर ते काढलं. गुलामीविरोधी पुस्तकं, पत्रकं, वर्तमानपत्रं तो विकायचा. देशात गुलामी कायद्यानं चालू होती आणि दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षरओळख करून देणं हा गुन्हा होता. त्या काळात पुस्तकांचं दुकान काढणं म्हणजे काय, याचा विचार करा. दुसऱ्याच वर्षी, १८३५ मध्ये, गोऱ्यांच्या जमावानं ते जाळलं.

रगल्स थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दक्षता समिती काढली. पळून आलेल्या गुलामांना लपवायचं, पकडून नेणाऱ्यांना कोर्टात खेचायचं, हे तिचं काम. सप्टेंबर १८३८ मध्ये मेरीलँडहून पळालेला एक विशीचा तरुण न्यूयॉर्कमध्ये भुकेला, घाबरलेला भटकत होता. रगल्सनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. त्याची वाग्दत्त वधू ॲना मरे बॉल्टिमोरहून आली आणि त्या घरातच दोघांचं लग्न लागलं. तो तरुण म्हणजे फ्रेडरिक डग्लस. मघाशी ज्या आत्मकथनाचं नाव घेतलं ते लिहिणारा माणूस एका पुस्तकविक्रेत्याच्या घरात वाचला.

हार्लेममधल्या ज्या दुकानाचा सगळे उल्लेख करतात, ते कोणतं?

हार्लेम ही न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती, आणि दुकान म्हणजे लुइस मिशो यांचं नॅशनल मेमोरियल आफ्रिकन बुकस्टोअर. १९३२ च्या सुमारास सुरू झालं, १९७४ मध्ये बंद झालं. मिशो यांनी मोजक्या पुस्तकांवर सुरुवात केली, ढकलगाडीवर पुस्तकं फिरवून विकली आणि सुरुवातीला दुकानातच झोपले असं सांगतात. नंतर तिथे दोन लाखांच्या घरात पुस्तकं असल्याचं म्हटलं जायचं. दुकानावरच्या पाटीवर त्यांनी त्याला शहाणपणाचं घर म्हटलं होतं.

त्या दुकानाचा फोटो मिळाला तर बघा. दर्शनी भाग पाट्यांनी, पुढाऱ्यांच्या चित्रांनी आणि घोषणांनी गच्च भरलेला आहे. समोरच्या चौकात कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स भाषणं करायचे आणि भाषणांआधी आत बसून वाचायचे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला मिशो दुकानातच बसून वाचू द्यायचे.

हार्लेममध्येच १९६७ मध्ये युना मुलझॅक या बाईंनी लिबरेशन बुकस्टोअर काढलं आणि चाळीस वर्षं चालवलं. माहीत नसेल तर शिका, माहीत असेल तर शिकवा, या अर्थाची पाटी त्यांच्या खिडकीत होती.

सरकारनं या दुकानांवर पाळत ठेवली होती हे खरं आहे का?

हो. ऑक्टोबर १९६८ मध्ये एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांनी देशभरच्या कचेऱ्यांना आदेश काढला. आपापल्या हद्दीतली 'जहाल कृष्णवर्णीय' आणि 'आफ्रिकी धर्तीची' पुस्तकांची दुकानं शोधा, प्रत्येकाची गुपचूप स्वतंत्र चौकशी उघडा, मालक कोण, पैसा कुठून येतो, कुठली पुस्तकं विकतात, आत कोण येतं-जातं ते कळवा. इतिहासकार जोशुआ क्लार्क डेव्हिस यांनी ही कागदपत्रं उजेडात आणली.

वॉशिंग्टनमधलं ड्रम अँड स्पिअर हे दुकान त्याच वर्षी, मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर, विद्यार्थी चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी काढलं होतं; त्याच्यावर पाळत होती. फिलाडेल्फियातल्या हकीम्स बुकस्टोअरवरही होती. डेट्रॉइटमध्ये एड व्हॉन यांच्या दुकानात १९६७ च्या उठावाच्या दिवसांत पोलीस घुसले आणि पुस्तकांची नासधूस झाली.

ज्या देशाच्या घटनेत छपाईच्या स्वातंत्र्याचं वचन पहिल्याच दुरुस्तीत आहे, त्या देशात पुस्तक विकणाऱ्याची फाइल उघडली गेली. वाचनानं काही होत नाही असं कुणी म्हणालं की मी त्यांना हूव्हर यांच्या या आदेशाबद्दल सांगते. त्यांना तरी तसं वाटत नव्हतं.

त्या काळातलं एखादं दुकान अजून चालू आहे का?

दोन सांगते. मार्कस बुक्स हे १९६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रे आणि ज्युलियन रिचर्डसन या दाम्पत्यानं काढलं, कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्वी यांच्या नावानं. ज्युलियन यांचा छापखाना होता. देशातल्या सलग चालू असलेल्या सर्वांत जुन्या कृष्णवर्णीय पुस्तकांच्या दुकानांपैकी एक म्हणून ते ओळखलं जातं. फिलमोर भागातली जागा मात्र २०१४ मध्ये हातची गेली. ज्या वस्तीतून कृष्णवर्णीय कुटुंबांना शहर पुनर्विकासाच्या नावाखाली उठवलं गेलं, तिथे दुकान तरी कसं टिकणार? आता ते खाडीपलीकडे ओकलंडला आहे, घरातलीच पुढची पिढी चालवते.

दुसरं, वर उल्लेख आला ते हकीम्स. दाऊद हकीम यांनी १९५९ मध्ये सुरू केलं, पश्चिम फिलाडेल्फियात ५२व्या स्ट्रीटवर आहे. त्यांच्या मुलीनं ते पुढे नेलं.

आणि नवी दुकानं?

भरपूर. वॉशिंग्टनचं महोगनी बुक्स २००७ मध्ये ऑनलाइन सुरू झालं आणि २०१७ मध्ये ॲनाकोस्टियात त्यांनी प्रत्यक्ष दुकान थाटलं. फिलाडेल्फियात जर्मनटाउनमध्ये अंकल बॉबीज, ब्राँक्समध्ये लिट बार, डेट्रॉइटमध्ये सोर्स बुकसेलर्स. लॉस एंजेलिसचं एसो वॉन मात्र तीस वर्षांहून जास्त चालून २०२२ च्या अखेरीस बंद झालं. या व्यवसायात उघडणं आणि मिटणं दोन्ही सतत चालतं, त्यामुळे जाण्याआधी चालू आहे ना ते बघून घ्या.

२०२० मध्ये नेमकं काय झालं?

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा रोवून त्यांचा जीव घेतला. पुढच्या काही आठवड्यांत लोकांनी वर्णद्वेषावरची पुस्तकं शोधायला सुरुवात केली, 'कृष्णवर्णीयांच्या दुकानातून घ्या' अशा याद्या सगळीकडे फिरल्या, आणि दोन-चार माणसांनी चालवलेल्या दुकानांवर हजारो ऑर्डरी येऊन पडल्या. त्यात करोनाची टाळेबंदी. सगळ्यांना तीच दहा-पंधरा पुस्तकं हवी होती. ती संपली, प्रकाशकांनी पुन्हा छापायला घेतली, गोदामं आणि पोस्ट आधीच तुंबलेली.

मग जे झालं ते सांगताना अजून राग येतो. पुस्तक यायला उशीर झाला म्हणून लोकांनी दुकानदारांना खरमरीत ईमेल लिहिल्या. ऑर्डरी रद्द केल्या. काहींनी दुकानातून घेऊन जायला सांगितलेली पुस्तकं नेलीच नाहीत. वर्णद्वेष समजून घेण्याचं पुस्तक तीन दिवस उशिरा आलं म्हणून कृष्णवर्णीय बाईवर ओरडायचं! दुकानदारांनी जाहीर पत्रं लिहून धीर धरायची विनंती केली.

जुलै सरला तशी गर्दी ओसरली. दुकानं मात्र त्या पैशावर काही काळ तगली, काही नवी उघडलीही. म्हणून मी त्या लाटेला वाईट म्हणत नाही. पण एकदम हजार ऑर्डरी आणि मग शुकशुकाट, यावर कुणी दुकानाचं भाडं ठरवू शकत नाही.

मग मदत करायची तर कशी करू?

दर महिन्याला एक पुस्तक, एकाच दुकानातून. एवढं जमलं तरी पुष्कळ. आणि ते वर्णद्वेषावरचंच असायला हवं असं नाही. तुम्हाला रहस्यकथा आवडते, पाककृतींची पुस्तकं आवडतात, मुलाला डायनासोरचं हवंय, तेही तिथूनच मागवा. दुकान फक्त दुःखाची पुस्तकं विकून चालत नाही.

शक्य तर दुकानाच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. ते नसेल तर बुकशॉप डॉट ऑर्गवर त्या दुकानाचं पान निवडून खरेदी करा. तिथे छापील किमतीच्या ३० टक्के रक्कम त्या दुकानाला जाते. दुकान न निवडता घेतलंत तर १० टक्के रक्कम सगळ्या सहभागी दुकानांच्या सामाईक निधीत जमा होते, म्हणून निवडायला विसरू नका. ऐकायची पुस्तकं लिब्रो डॉट एफएमवर तुमच्या पसंतीचं दुकान जोडून घेता येतात.

येणाऱ्या पुस्तकाची आगाऊ नोंदणी केलीत तर दुकानदाराला किती प्रती मागवाव्यात याचा अंदाज येतो, आणि त्या सगळ्या प्रती पहिल्या आठवड्याच्या विक्रीत धरल्या जातात. नव्या लेखकासाठी पहिला आठवडा फार मोलाचा असतो. बारशाला, ग्रॅज्युएशनला, दिवाळीला भेटकार्ड द्या. मराठी शाळेची किंवा मंडळाच्या ग्रंथालयाची वर्षाची इंग्रजी पुस्तकखरेदी अशा एका दुकानाकडे लावून दिली तर त्याहून उत्तम.

मी भारतात आहे. टपालखर्च परवडत नाही.

मागवूच नका. डग्लस आणि डू बॉइस यांची वर सांगितलेली पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतात. मराठीत डॉ. म. ना. वानखेडे आणि डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय साहित्याची ओळख करून दिली आहे, त्यांचं लेखन चांगल्या ग्रंथालयात शोधा. मुलगी किंवा पुतण्या अमेरिकेहून येताना 'काय आणू' विचारतो तेव्हा चॉकलेटऐवजी एखाद्या दुकानाचं नाव आणि पुस्तकाचं नाव सांगा. आणि ६ डिसेंबरला दादरला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन तिथल्या स्टॉलवरून पुस्तकं घ्या.

लंडनमध्ये असं काही आहे का?

फिन्सबरी पार्कचं न्यू बीकन बुक्स. त्रिनिदादहून आलेले जॉन ला रोझ यांनी सेरा व्हाइट यांच्याबरोबर १९६६ मध्ये प्रकाशन म्हणून सुरू केलं, मग दुकान झालं. २०२१ च्या अखेरीस ते बंद पडायची वेळ आली होती, वाचकांनी वर्गणी काढून वाचवलं. ईलिंगमध्ये जेसिका आणि एरिक हंटली यांचं बोगल-लुव्हर्चर हे प्रकाशन आणि दुकान होतं, सत्तरच्या दशकात त्यावर वर्णद्वेष्ट्यांचे हल्ले झाले.

जात आणि वर्ण एकच आहेत का? वाचताना सारखी तुलना मनात येते.

येऊ द्या. ती तुलना तुमच्या आधी फार मोठ्या माणसांनी केली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची परिस्थिती इतकी सारखी आहे की तिचा अभ्यास केल्याशिवाय चालणार नाही, असं त्यात म्हटलं आणि संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या कृष्णवर्णीयांच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. डू बॉइस यांनी आपुलकीनं उत्तर दिलं. १९६६ मध्ये ओकलंडला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा ब्लॅक पँथर पक्ष निघाला, आणि १९७२ मध्ये मुंबईत त्याच्या नावावरून दलित पँथर. दोघांच्याही चळवळीत कविता, पत्रकं, नियतकालिकं होती, हा योगायोग नव्हे.

सारखं बरंच आहे, सगळं नाही. अमेरिकेत माणसाला पकडून, जहाजात कोंबून, बाजारात विकून आणलं गेलं आणि रंगावरून ओळखलं गेलं. आपल्याकडे आडनाव, गाव आणि पंगत विचारून ओळखतात. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना वर्णद्वेष चटकन दिसतो, जात दिसत नाही. २०२३ मध्ये सिअॅटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली तेव्हा 'इथे कुठे आहे जात' म्हणणारे आपलेच लोक होते. गोऱ्या अमेरिकनांनी रंगाबद्दल हेच वर्षानुवर्षं म्हटलं आहे. डू बॉइस वाचून झाल्यावर आंबेडकर परत वाचा, वेगळे वाचले जातात.

मुलांना यातलं किती सांगायचं?

खरं तेवढं सगळं, वयाच्या भाषेत. पण आधी कृष्णवर्णीय मुलांच्या साध्या, आनंदी गोष्टी घरात आणा. आजीच्या स्वयंपाकाच्या, पहिल्या बर्फाच्या, केस विंचरण्याच्या. ज्या मुलानं फक्त साखळदंडातली माणसं पाहिली, त्याच्या मनात कणव येते, मैत्री येत नाही. निवड करायला कोरेटा स्कॉट किंग पुरस्काराची यादी उत्तम, १९७० पासून दिला जातो.

शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तकं काढून टाकण्याचे प्रकार वाढले आहेत, त्याकडेही लक्ष असू द्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप घेतले गेले आणि कृष्णवर्णीयांच्या अनुभवांवरची पुस्तकं त्यात मोठ्या संख्येनं होती. स्कूल बोर्डाच्या सभेला पालक म्हणून जा. आपले लोक गणिताच्या वर्गासाठी जातात, यासाठीही जावं.

दुकानात जायला संकोच वाटतो. 'हे इथे कशाला आले' असं वाटेल का?

नाही वाटणार. पुस्तकांच्या दुकानात पुस्तकं घेणारं माणूस सगळ्यांना हवंच असतं. आत जा, फळ्या बघा, 'मी अमुक वाचलंय, पुढे काय वाचू' असं विचारा. हा दुकानदाराचा आवडता प्रश्न असतो. मी एकदा एका छोट्या दुकानात बाल्डविनचं पुस्तक काउंटरवर ठेवलं, तर मालकीणबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, पानं उलटली, मधला एक निबंध उघडून दिला आणि 'हा आधी, पहिला शेवटी' म्हणाल्या. त्यांचं खरं होतं.

एवढंच सांभाळा: काउंटरवरच्या मुलीला 'तुम्हाला कधी वर्णद्वेषाचा अनुभव आला का' असं विचारू नका. ती कामावर आहे. त्याची उत्तरं पुस्तकांत आहेत आणि ती पुस्तकं तिच्या मागच्या फळीवर आहेत. फोटो काढून, किंमत बघून, बाहेर येऊन फोनवरून दुसरीकडे मागवू नका.

वाचन मंडळ सुरू करायचं आहे.

सहा ते आठ माणसं, एक पुस्तक, दीड-दोन महिने. चर्चा मराठीत करा, त्यानं माणसं मोकळी बोलतात. सगळ्या प्रती एकाच दुकानातून एकत्र मागवा. प्रत्येक भेटीत एखादा उतारा मोठ्यानं वाचा आणि चर्चा त्या उताऱ्याला धरून ठेवा, नाहीतर गाडी ट्रॅफिक आणि व्हिसावर जाते. ओळखीच्या एकुलत्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याला 'येऊन आम्हाला समजावून सांग' म्हणू नका. खरंच कुणी लेखक किंवा अभ्यासक बोलवायचा असेल तर मानधन द्या आणि त्या दिवशी त्यांची पुस्तकं विकायला स्थानिक दुकानाला बोलवा.

ग्रंथालयातून आणून वाचलं तर चालेल का?

बेलाशक. मागणी नोंदवलीत तर ग्रंथालय नवी प्रत घेतं.

मी मागवलेलं पुस्तक तीन आठवडे झाले तरी आलं नाही. काय करू?

बहुतेक वेळा पुस्तक पुन्हा छापायला गेलेलं असतं, किंवा वितरकाकडून एकच प्रत येण्याऐवजी दुकान चार-पाच ऑर्डरी जमवून एकत्र मागवतं, कारण तसा टपालखर्च वाचतो. ऑर्डर रद्द करण्याआधी फोन करा, ईमेल नको. प्रत कधी येईल ते सांगतील, आणि त्याच विषयावरचं दुसरं काही फळीवर असेल तर तेही सुचवतील. तोवर ग्रंथालयात नाव नोंदवून ठेवा.